नाथसागर भरला, मग लातूरला पाणी का नाही?

‘जायकवाडी भरलं, मराठवाड्याची चिंता मिटली’ हे दर पावसाळ्यात ऐकू येतं. ते खरं नाही. नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचाच जलाशय; त्याची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून 1522 फूट. बालाघाटाच्या पठारावरचं लातूर दोन हजार फुटांच्या वर. कालव्याचं पाणी उतारानंच जातं, घाट चढत नाही. म्हणून 208 किलोमीटरचा डावा कालवा जालना-परभणीकडे वळतो, 132 किलोमीटरचा उजवा बीडमधून माजलगावकडे. लातूरच्या नळाला येतं ते धनेगावच्या मांजरा धरणाचं पाणी. तेच आटलं, म्हणून एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आणखी एक: जायकवाडीच्या 102 टीएमसीतले (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) 26 मृतसाठ्यात, म्हणजे कालव्याच्या तोंडाच्या खाली, जातात, ते कालव्यात उतरतच नाहीत.