सुट्या भागांचा हातातला गेमिंग कॉम्प्युटर: ऑर्डर देण्याआधी आणि घेतल्यानंतर

हा कॉम्प्युटर चार भागांत सुटा होतो. मधल्या भागात ७ इंची स्क्रीन, मेनबोर्ड आणि पंखा आहे. दोन बाजूंना दोन कंट्रोलर बसतात, मागे बॅटरी पॅक. जो भाग बिघडेल तेवढाच बदलायचा, हा याचा मोठा फायदा. पण भाग सुटा होतो तिथे जोड येतो, आणि अशा यंत्राची बहुतेक दुखणी जोडातच सुरू होतात. म्हणून इथे बटणांपेक्षा जोडांबद्दलच जास्त लिहिलं आहे.

कंट्रोलरचा जोड

कंट्रोलर वरून खाली रेलवर (खाचेच्या पट्टीवर) सरकवायचा, ‘टक्’ आवाज आला की बसला. रेल ६०६१ अ‍ॅल्युमिनियमची आहे आणि इथेच कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिलिंग करून (यंत्राने कोरून) घेतो. थ्रीडी प्रिंट केलेली रेल स्वस्त पडते, पण झटका बसला की प्रिंटचे थर एकमेकांपासून सुटतात आणि खाच तुटते. रेलला दोन्ही बाजूंनी ०.१ मिमी फट ठेवतो. अ‍ॅनोडायझिंगचा (धातूवरच्या संरक्षक लेपाचा) थरही जागा खातो, तो मापात धरावा लागतो. नाहीतर कंट्रोलर अडकतो.

रेलच्या तळाशी ६ पोगो पिना (आत स्प्रिंग असलेल्या, दाबल्या जाणाऱ्या पिना) उभ्या आहेत: ५ व्होल्टची एक, ग्राउंडच्या (करंट परतण्याच्या) दोन, यूएसबी डेटाच्या दोन आणि कंट्रोलर बसल्याचं सांगणारी एक. शेवटच्या १ मिमीत कंट्रोलर त्यांच्यावर सरळ दाबला जातो. आडव्या घासल्या तर पिना वाकतात, म्हणून कंट्रोलर तिरका घुसवू नका. ग्राउंडच्या पिना किंचित उंच आहेत, म्हणजे त्या आधी टेकतात आणि गेम चालू असतानाही कंट्रोलर काढता-घालता येतो.

बटणांच्या वायरी थेट मेनबोर्डवर नेल्या असत्या तर एका बाजूला वीसेक पिना लागल्या असत्या. त्याऐवजी प्रत्येक कंट्रोलरमध्ये आरपी२०४० ही छोटी चिप आहे. ती बटणं वाचते आणि यूएसबीवरून कळवते. त्यामुळे सुटा कंट्रोलर केबलने लॅपटॉपलाही चालतो. कंट्रोलरच्या ५ व्होल्टच्या लाइनवर १० मायक्रोफॅरडपेक्षा मोठा कपॅसिटर कोणी स्वतःहून लावू नये. जोडताक्षणी तो एकदम करंट ओढतो, मेनबोर्डचं व्होल्टेज ४.६ च्या आसपास खाली येतं आणि गेम मध्येच रीस्टार्ट होतो.

‘चुंबकाने का चिकटवत नाही?’ हे बरेच जण विचारतात. निन्टेन्डोने २०१७ च्या ‘स्विच’ या हातातल्या गेमिंग यंत्राला रेल दिली आणि २०२५ च्या स्विच २ ला चुंबक. पण स्विच २ च्या स्टिकमध्ये (अंगठ्याने हलवायच्या दांडीत) हॉल सेन्सर नाहीत, आमच्या स्टिकमध्ये आहेत. साध्या स्टिकमध्ये कार्बनची पट्टी घासून झिजते आणि हात न लावता पात्र एका बाजूला चालू लागतं. हॉल सेन्सरमध्ये काही घासत नाही, तो चुंबकाची जागा ओळखतो. त्याच्या शेजारी दुसरं जोरदार चुंबक आलं की स्टिकचा मध्य सरकतो. म्हणून आम्ही रेलवरच ठाम आहोत. मॅग्नेटची झाकणं असलेल्या पाउचमध्येही हा कॉम्प्युटर ठेवू नका.

बॅटरी

पॅकमध्ये ३००० एमएएचचे दोन १८६५० सेल (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब लिथियम सेल) समांतर जोडलेले आहेत, म्हणजे ३.६ व्होल्ट × ६ अँपिअर-तास = २१.६ वॉट-तास. ५ व्होल्ट करताना साधारण दहावा भाग वाया जातो. गेम खेळताना यंत्र सुमारे ६ वॉट घेतं, तेव्हा तीन तास धरून चाला.

सेल उतरत आले की करंट वाढून २ अँपिअरवर जातो. अशा वेळी स्प्रिंगच्या होल्डरमध्ये ०.१ ओहम रोध असला तरी ०.२ व्होल्ट तिथेच जातात आणि होल्डर तापतो. म्हणून निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंग करून लावतो. एकच सेल बदलून द्या म्हणाल तर देणार नाही: कमी-जास्त व्होल्टेजचे सेल समांतर जोडले की एकातून दुसऱ्यात धोकादायक करंट वाहतो. विमानात सुटा पॅक केबिन बॅगेतच न्या आणि पॅकच्या धातूच्या टोकांवर टेप लावा.

पावसाळा आणि उन्हाळा

जुलै-ऑगस्टमधल्या दमट हवेत पिनांवर पातळ थर बसतो. डावा कंट्रोलर मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होत असेल तर आधी तोच संशय घ्या. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीला लावून पुसा, पाच मिनिटं वाळू द्या. सॅनिटायझर नको, त्यातलं ग्लिसरीन मागे राहतं. पॉलिश पेपर किंवा ब्लेड तर अजिबात नको. सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, तो गेला की पिन कायमची बदलावी लागते.

बाहेरचं कव्हर पीईटीजी या प्लास्टिकचं आहे. थ्रीडी प्रिंटिंगचं नेहमीचं प्लास्टिक पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि पन्हाळ्यावर दुपारी उन्हात लावलेल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढं तापमान सहज होतं. कव्हर टिकलं तरी सेलला ती उष्णता सोसत नाही, तेव्हा गाडीत ठेवू नका.

मेनबोर्ड बदलणं

आत रास्पबेरी पायचं कॉम्प्युट मॉड्यूल ४ (एका छोट्या पाटीवरचा कॉम्प्युटर) आहे. जुन्या आर्केड गेम आणि हलक्या टूडी गेम उत्तम चालतात, पीसीवरच्या नव्या मोठ्या गेमसाठी हे यंत्र घेऊ नका. मॉड्यूल ५ चं माप तेच, ५५ × ४० मिमी. पण काही पिनांचं काम बदललं आहे आणि करंटही जास्त लागतो. त्यामुळे ते घरी बसवू नका. आमच्याकडे हीटसिंकसह बदलून मिळेल.

दुरुस्तीला येताना फक्त बंद पडलेला कंट्रोलर नको, मधला भागही आणा. पिना आणि त्या जिथे टेकतात ते कंट्रोलरवरचे पॅड, दोन्हींचा रोध मोजल्याशिवाय दोष कोणत्या बाजूचा ते कळत नाही. मेमरी कार्ड मात्र काढून घरी ठेवा.