उन्हाळ्यातली फिकी वाफ : ब्रिटनमधील वारसा रेल्वेच्या छायाचित्रणाची पार्श्वभूमी

ब्रिटनच्या ग्रामीण भागात वाफेच्या जुन्या गाड्या टिपायला जाणाऱ्या छायाचित्रकाराची उन्हाळ्यात मोठी पंचाईत होते. गाड्या सर्वांत जास्त धावतात त्या याच दिवसांत आणि छायाचित्रे सर्वांत फिकी येतात तीही याच दिवसांत. या अडचणीचा एक भाग हवामानाचा आहे. उरलेला इतिहासाने घडवला आहे.

त्याची सुरुवात वेल्समधल्या टॅलिलिन रेल्वेपासून होते. डोंगरातल्या खाणीची स्लेट (पाटीचा दगड) किनाऱ्याजवळच्या टाउइन गावापर्यंत आणण्यासाठी १८६० च्या दशकात बांधलेल्या या मार्गाच्या रुळांमधले अंतर अवघे २ फूट ३ इंच आहे. खाण १९४० च्या दशकात बंद पडली आणि १९५० मध्ये मालक सर हेन्री हेडन जोन्स वारले, तेव्हा रूळ भंगारात जाण्याची वेळ आली. लेखक टॉम रोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्टोबर १९५० मध्ये बर्मिंगहॅम येथे सभा घेऊन मार्ग वाचवण्यासाठी संस्था स्थापन केली आणि १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांच्या बळावर पहिली गाडी सोडली. जगात असे प्रथमच घडत होते. खाणीचा माल संपल्यावर उत्पन्नाचा आधार उरला तो समुद्रकिनारी सुटीला येणाऱ्या पर्यटकांचा, आणि ते येत उन्हाळ्यात. माथेरानची गाडी जशी पावसाळ्यात विसावते, तशा ब्रिटनमधल्या अशा जपलेल्या, म्हणजे वारसा, मार्गांवरच्या बऱ्याच गाड्या हिवाळ्यात विसावतात, त्याचे मूळ इथे आहे.

पुढच्या घटना वेगाने घडल्या. ब्रिटिश रेल्वेच्या १९५५ च्या आधुनिकीकरण योजनेने वाफेच्या इंजिनांचा शेवट निश्चित केला, १९६० मध्ये ससेक्समधली ब्लूबेल रेल्वे स्वयंसेवकांनी सुरू केली, रेल्वेचा तोटा कमी करण्यासाठीच्या १९६३ च्या बीचिंग अहवालाने २,००० हून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस केली, आणि ११ ऑगस्ट १९६८ रोजी ब्रिटिश रेल्वेची वाफेवरची निरोपाची गाडी धावली. त्यानंतर दक्षिण वेल्समधल्या बॅरी येथील भंगारवाड्यातून हौशी मंडळींनी तब्बल २१३ इंजिने सोडवून आणली. आज ग्रामीण मार्गांवर दिसणारी कित्येक इंजिने त्या गंजलेल्या रांगांतली आहेत.

या ओसरत्या काळातच रेल्वे छायाचित्रणाची दृष्टी घडली. सूर्य पाठीशी, गाडी तिरकी समोरून येणारी, इंजिनाची एक बाजू पूर्ण उजळलेली, ही रूढ मांडणी संथ, म्हणजे भरपूर प्रकाश लागणाऱ्या, फिल्मची गरज होती. १९६१ मध्ये आलेल्या कोडाक्रोम-२ या रंगीत फिल्मची संवेदनशीलताही केवळ २५ एएसए होती. धावती गाडी रंगात टिपायची तर लख्ख ऊन हवेच. त्या पिढीतले नामवंत छायाचित्रकार एरिक ट्रेसी हे वेकफील्डचे बिशप होते. निवृत्तीनंतर १९७८ मध्ये उत्तर इंग्लंडमधल्या ॲपलबी स्थानकावर वाफेच्या गाडीची वाट पाहत असतानाच त्यांचे निधन झाले.

कॅमेरे बदलले, तरी उन्हाळ्याच्या अडचणी राहिल्या. वाफ मुळात अदृश्य असते. आपल्याला दिसतो तो पांढरा लोट थंड हवेत वाफ निवून बनलेल्या पाण्याच्या सूक्ष्म थेंबांचा. कोरड्या, गरम हवेत ते थेंब लगेच विरतात आणि इंजिन थंड पडून उभे असल्यासारखे दिसते. भर दुपारी सूर्य उंच चढला की चाके आणि जोडदांडे, म्हणजे चित्राचा खरा प्राण, सावलीत जातात. त्यातच झाडी वाढली आहे. वाफेच्या काळात ठिणग्यांनी वणवा लागू नये म्हणून मार्गाच्या कडेचे गवत-झुडूप नियमित कापले जाई. इंजिने गेली तशी ती कापणीही थांबली, आणि जुन्या छायाचित्रांतल्या मोकळ्या उतारांवर आज दाट पाने आहेत. ठिणग्यांचे भय मात्र संपलेले नाही. २०१८ आणि २०२२ च्या कोरड्या उन्हाळ्यांत काही वारसा मार्गांना वाफेऐवजी डिझेल इंजिने लावावी लागली. दुरून आलेल्या छायाचित्रकाराच्या वाट्याला त्या दिवशी काय आले असेल, हे सांगायला नको.

उन्हाळ्याची जमेची बाजू म्हणजे लांबलेली संध्याकाळ. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो आणि शेवटच्या दोन तासांतले तिरपे ऊन थेट चाकांवर पडते. पर्यटकांची शेवटची गाडी मात्र बहुधा त्याआधीच परतलेली असते. म्हणून छायाचित्रकार आपापसात वर्गणी काढून इंजिन आणि डबे खास भाड्याने घेतात, आणि एकाच वळणावरून गाडी पुन्हा पुन्हा मागे नेऊन पुढे आणायला लावतात.