आरशासारखे पॉलिश केलेले अ‍ॅल्युमिनियम काळवंडत नाही का?

ठाण्याच्या वागळे इस्टेटपासून नवी मुंबईतल्या रबाळेपर्यंतच्या गॅरेजांत वर्षानुवर्षे सांगितले जाते, की इंजिनाचे ओतीव अ‍ॅल्युमिनियमचे कव्हर एकदा आरशासारखे चकचकीत केले की ते पुन्हा काळवंडत नाही. हा समज चुकीचा आहे. अ‍ॅल्युमिनियमचे रक्षण करतो तो त्यावरचा ऑक्साइडचा अतिशय पातळ थर, चकाकी नव्हे. घासताना तो निघतो आणि हवा लागताच नवा तयार होतो, परंतु खाडीवरून येणाऱ्या दमट, खाऱ्या वाऱ्यातील क्षार त्यालाही ठिकठिकाणी भेदतात आणि तेथे पांढरट डाग व बारीक खळगे उमटतात. शिवाय ओतकामात अडकलेल्या वायूची टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे वरची घट्ट साय घासली गेल्यावर उघडी पडतात आणि त्यांत बफिंगचा, म्हणजे फिरत्या कापडी चाकावर चकाकी आणण्याचा, मसाला काळा होऊन बसतो. याचा दोष पॉलिश करणाऱ्या कारागिराला देणे मला अन्यायाचे वाटते.

पॉलिश करताना घासायचा सँडपेपर १२०, २४०, ४००, ६०० अशा क्रमाने, म्हणजे जाड्याकडून बारीककडे, मारावा आणि दर वेळी घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे आधीचा ओरखडा राहिला असल्यास आडवा उठून दिसतो. शेवटी भाग धुऊन, पूर्ण कोरडा करून मेण लावावे. पावसाळ्यात ते वरचेवर लावावे लागते. लोखंडी ब्रश मात्र वापरू नये, कारण त्याचे कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि गंजून तांबूस ठिपके पाडतात.