बास गिटारच्या कॅबिनेटमधील स्पीकर-बदल

बास गिटारच्या कॅबिनेटमधील मूळ स्पीकर काढून त्यांच्या जागी अधिक शक्ती पेलणारे, अधिक कार्यक्षम, वजनाने हलके किंवा निराळ्या स्वरगुणाचे स्पीकर बसविण्याची प्रथा. लाकडी पेटी, जाळी व अँप्लिफायर बहुधा तेच राहतात. बदलतो तो शंकू (हलून ध्वनी उत्पन्न करणारा पडदा), व्हॉइस कॉइल (शंकूला हलविणारी तारेची गुंडाळी), चुंबक आणि सांगाडा यांचा संच. पेटी आणि स्पीकर मिळून एकच ध्वनियंत्रणा होत असल्यामुळे, महागडा स्पीकर बसविला म्हणजे आवाज सुधारलाच, असे मात्र म्हणता येत नाही.

या प्रथेच्या उगमाविषयी मतभेद आहेत. फेंडर कंपनीचा प्रिसिजन बास १९५१ मध्ये आणि त्याच्यासाठीचा बासमन अँप्लिफायर १९५२ मध्ये बाजारात आला. आरंभीच्या बासमनमध्ये पंधरा इंची एकच स्पीकर होता आणि पुढे दहा इंची चार स्पीकरांची रचना आली. त्या काळचे कागदी शंकूचे, लहान व्हॉइस कॉइलचे स्पीकर बासच्या मंद्र स्वरांखाली लवकर फाटत वा जळत, तेव्हा दुरुस्तीच्या निमित्ताने अधिक मजबूत स्पीकर बसविण्यातूनच ही प्रथा निघाली, असे एक मत आहे. दुसरे मत तिचा आरंभ १९६० च्या सुमारास, जेबीएल या अमेरिकी स्पीकर-कंपनीचे डी१३० मालिकेतील पंधरा इंची स्पीकर फेंडरच्या पेट्यांत दिसू लागले तेव्हापासून धरते. पण हे स्पीकर फेंडर स्वतःच जादा किमतीचा पर्याय म्हणून देत असे. त्यामुळे तो वादकाने केलेला बदल नसून कारखान्यातील निवड ठरते. दुरुस्तीचे मूळ अधिक संभाव्य दिसते. पेटीला अनुरूप स्पीकर आकड्यांवरून निवडण्याची पद्धत मात्र निश्चितच नंतरची आहे.

या पद्धतीचा पाया ऑस्ट्रेलियातील अभियंते नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये घातला. छिद्रयुक्त (हवा आत-बाहेर जाण्यासाठी मुद्दाम छिद्र ठेवलेल्या) पेटीचे वर्तन विद्युत्-गाळणीच्या गणिताने मांडता येते, हे त्यांनी आपल्या निबंधात दाखविले. हा निबंध १९७१ मध्ये अमेरिकेत पुनर्मुद्रित होईपर्यंत फारसा कोणाच्या लक्षात आला नव्हता. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत रिचर्ड स्मॉल यांनी बंद व छिद्रयुक्त अशा दोन्ही पेट्यांचे विवेचन पूर्ण केले. स्पीकरची मुक्त अनुस्पंदन-कंप्रता (पेटीबाहेर तो ज्या कंप्रतेवर आपोआप सर्वाधिक हलतो ती), त्याचा एकूण क्यू-गुणांक (हे अनुस्पंदन किती आवरले जाते त्याचे माप; आकडा मोठा तितका घुमारा अधिक), शंकूच्या लवचिकतेइतकी लवचिकता असणाऱ्या हवेचे घनफळ (तुल्य घनफळ) आणि शंकूची कमाल रेषीय हालचाल ही थील-स्मॉल परिमाणे आज उत्पादकांच्या माहितीपत्रकांत छापलेली असतात, आणि स्पीकर बदलताना वॉटच्या आकड्याआधी तीच पाहावीत.

त्यांचे महत्त्व एका काल्पनिक उदाहरणावरून स्पष्ट होईल. एका दहा इंची स्पीकरची अनुस्पंदन-कंप्रता ४० हर्ट्‌झ, तुल्य घनफळ ४० लिटर व क्यू-गुणांक ०·३५ आहे असे समजू. तो २० लिटरच्या बंद कप्प्यात बसविल्यास कंप्रता आणि क्यू दोन्ही तीनच्या (४० भागिले २०, अधिक एक) वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १·७३ पटीने वाढतात. अनुस्पंदन ६९ हर्ट्‌झवर जाते आणि क्यू ०·६१ इतका, म्हणजे आटोपशीर राहतो. त्याच कप्प्यात बाकी सर्व तेच पण क्यू-गुणांक ०·७ असलेला स्पीकर घातला, तर एकूण क्यू १·२१ होतो आणि ८५ हर्ट्‌झच्या आसपास सुमारे अडीच डेसिबलचा फुगवटा येतो. बासच्या खुल्या ई तारेचा मूळ स्वर ४१·२ हर्ट्‌झ आणि त्याचा दुसरा प्रसंवादी (दुप्पट कंप्रतेचा उपस्वर) ८२·४ हर्ट्‌झ असल्यामुळे हा फुगवटा नेमका त्या प्रसंवादीवर येतो आणि काही स्वर इतरांपेक्षा ठळकपणे घुमतात. पुष्कळ वादकांना हा घुमारा दुकानात आवडतो, पण रंगमंचावर तोच अडचणीचा होतो.

शक्तीच्या आकड्याबाबतही अशीच सावधगिरी हवी. माहितीपत्रकातील वॉट हे मुख्यतः व्हॉइस कॉइल किती उष्णता सोसते ते सांगतात. बंद पेटीत तेवढीच तीव्रता राखून स्वर एक सप्तक खाली नेल्यास शंकूला चौपट हालचाल करावी लागते, त्यामुळे पाच तारांच्या बासच्या ३१ हर्ट्‌झच्या बी स्वराला शंकू हालचालीची मर्यादा उष्णतेच्या मर्यादेच्या पुष्कळ आधी ओलांडतो. छिद्रयुक्त पेटीत मेळ-कंप्रतेच्या (पेटी व छिद्र ज्या कंप्रतेला जुळविलेले असतात तिच्या) खाली हवेचा आधारच सुटत असल्याने धोका आणखी वाढतो. याउलट संवेदनशीलता (ठरावीक शक्तीला मिळणारी आवाजाची पातळी) ३ डेसिबलने अधिक असलेला स्पीकर अँप्लिफायरची शक्ती दुप्पट केल्यासारखाच लाभ देतो. परंतु लहान पेटी, खोल मंद्र स्वर आणि उच्च संवेदनशीलता या तिन्ही गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत.

तारांच्या जोडणीचा प्रश्न ॲम्पेग या अँप्लिफायर-कंपनीच्या आठ स्पीकरांच्या पेटीत विशेष बिकट होतो. १९६९ मध्ये आलेल्या ३०० वॉटच्या एसव्हीटी अँप्लिफायरबरोबर अशा दोन पेट्या देत, कारण त्या काळच्या दहा इंची स्पीकरांचा एकच संच त्याची पूर्ण शक्ती खात्रीने पेलत नसे. पेटीत चार बंद कप्पे असून प्रत्येकात दोन स्पीकर असतात. मूळ स्पीकर ३२ ओहमचे (ओहम हे विद्युत्-रोधाचे एकक) असल्याने आठही समांतर जोडून ४ ओहमचा भार मिळे. त्याच तारांवर बाजारात सहज मिळणारे ८ ओहमचे स्पीकर चढविल्यास भार १ ओहमवर येतो आणि अँप्लिफायर निकामी होऊ शकतो. दोन-दोन स्पीकर एकसरीत आणि अशा चार जोड्या समांतर जोडल्या की पुन्हा ४ ओहम होतात. मात्र जोडीतील एकाची कॉइल तुटली, तर दुसराही मुका होतो. एकसरीतील दोघे एकाच कप्प्यात ठेवणे श्रेयस्कर, म्हणजे दोष शोधणे सोपे जाते.

प्रत्येक स्पीकरची ध्रुवता (धन-ऋण टोकांची दिशा) तपासण्यासाठी दीड व्होल्टचा सेल क्षणभर टोकांना लावतात. धन टोक लाल अग्राला लावल्यावर शंकू बाहेर सरकला पाहिजे. जेबीएलच्या जुन्या स्पीकरांत तो आत सरकतो, त्यामुळे इतर कंपन्यांच्या स्पीकरांबरोबर ते जोडताना तारा उलट कराव्या लागतात. नाहीतर मंद्र स्वर एकमेकांना खोडून टाकतात. नवा स्पीकर बसविताना कडेची फोमपट्टी नव्याने लावावी, आणि बंद पेटीतून हवा गळत नाही याची खात्री करून मगच जाळी बसवावी.

चुंबकांचा इतिहास बराचसा खनिजांच्या बाजारभावाने घडविला आहे. १९७८ मध्ये झाईरमधील (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) अशांततेमुळे कोबाल्ट महागले आणि कोबाल्टयुक्त अल्निको चुंबकांची जागा लोह-ऑक्साइडच्या फेराइट चुंबकांनी घेतली. जेबीएलची के मालिका जाऊन ई मालिका आली ती याच ओघात. १९८० च्या दशकात अमेरिका व जपानमध्ये विकसित झालेल्या निओडिमियम चुंबकांमुळे स्पीकरचे वजन पुष्कळ घटले, आणि पाठदुखीने त्रस्त वादकांत निव्वळ वजनासाठी स्पीकर बदलण्याची प्रथा पडली. २०११ च्या सुमारास निओडिमियमच्या किमती एकाएकी चढल्यामुळे काही उत्पादक काही काळ पुन्हा फेराइटकडे वळले. चुंबकाच्या धातूला स्वतःचा ‘आवाज’ असतो, असा समज वादकांत दृढ आहे. शंकूचे वस्तुमान, कॉइलचे प्रेरकत्व व निलंबन (शंकूला धरून ठेवणारे लवचीक भाग) यांच्या तुलनेत त्याचा वाटा गौण मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

जुन्या पेट्यांचे संग्राहक मूळ स्पीकर टाकून देत नाहीत, कारण सांगाड्यावर छापलेल्या संकेतांकांवरून उत्पादक व निर्मितीचा आठवडा ओळखता येतो आणि पेटीचा काळ ठरविण्यास त्याची मदत होते.