लेडा वर्गातील फ्रिगेट

लेडा वर्ग हा ब्रिटिश शाही नौदलाच्या शिडाच्या फ्रिगेट जहाजांचा, म्हणजे मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौकांचा, एक मोठा वर्ग. त्याचा आराखडा मुळात फ्रेंचांचा. १७८२ मध्ये ब्रिटिशांनी ‘एबे’ हे फ्रेंच फ्रिगेट पकडले. त्याची बांधणी त्यांना इतकी पसंत पडली की त्याची मापे घेऊन त्याच धर्तीवर नवी जहाजे उभी केली. पहिले जहाज, ‘लेडा’, १८०० मध्ये पाण्यात उतरले. पुढच्या तीन दशकांत या वर्गाची चाळीसहून अधिक जहाजे झाली. तीन डोलकाठ्या, सुमारे १५० फूट लांबीचा तोफांचा मजला आणि त्यावर अठरा पौंडी गोळा फेकणाऱ्या २८ तोफा; वरच्या तोफा वेगळ्या. टेहळणी, व्यापारी ताफ्यांचे रक्षण आणि शत्रूचा पाठलाग ही त्यांची कामे.

या वर्गाची सर्वांत गाजलेली लढाई १ जून १८१३ ची. बॉस्टनजवळच्या समुद्रात ‘शॅनन’ने अमेरिकेचे ‘चेसापीक’ जेमतेम पाव तासात जिंकले. श्रेय जहाजाइतकेच कप्तान फिलिप ब्रोक यांचे. त्यांनी वर्षानुवर्षे तोफखान्याचा कसून सराव करून घेतला होता.

मराठी वाचकाला मात्र ‘ट्रिंकोमाली’ जवळची वाटावी. नेपोलियनविरुद्धच्या युद्धांमुळे इंग्लंडमध्ये जहाजबांधणीच्या ओक लाकडाचा तुटवडा पडला, म्हणून हे जहाज मुंबईच्या गोदीत सागवानात बांधले गेले. मुख्य कारागीर होते जमशेटजी बमनजी वाडिया. कामाला उशीरही झाला: आराखडे घेऊन निघालेले ‘जावा’ हे जहाज १८१२ च्या अखेरीस अमेरिकनांच्या हाती लागले आणि इंग्लंडहून नवी प्रत मागवावी लागली. अखेर १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ‘ट्रिंकोमाली’ पाण्यात उतरली. त्याआधी, १८१६ मध्ये, याच गोदीत याच वर्गाची ‘अँफिट्राइट’ही तयार झाली होती.

सागवानाची निवड नाइलाजाने झाली असली तरी ती मोलाची ठरली. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. सागातले तेल त्यांना जपते, शिवाय लाकूडही सहज कुजत नाही. ‘ट्रिंकोमाली’ला पहिली नेमणूक मिळायला १८४७ उजाडले. पुढे ती ‘फूद्रोयाँ’ या नावाने प्रशिक्षण-जहाज झाली, आणि मग दुरुस्तीनंतर मूळ नावानिशी इंग्लंडमधील हार्टलपूल येथे संग्रहालय म्हणून राहिली. अजूनही पाण्यावर तरंगणारी ती सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका आहे. वर्गातले दुसरे उरलेले जहाज, १८२४ चे ‘युनिकॉर्न’, स्कॉटलंडमधील डंडी येथे आहे. त्यावर डोलकाठ्या-शिडे चढलीच नाहीत. राखीव ठेवण्यासाठी वर छप्पर घातले गेले आणि त्या छपरानेच लाकूड टिकवले.