एमएच बाराच्या आधी आणि नंतर

रस्त्यात पुढे चाललेली गाडी पाहून ‘साताऱ्याची दिसतेय’ असं आपण सहज म्हणतो, कारण पाटीवर एमएच ११ असतं. पण ही सवय फार जुनी नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि राज्याची दोन अक्षरं, आरटीओचा क्रमांक, मग मालिकेची अक्षरं आणि चार आकडे ही आजची मांडणी रुळली. त्याआधी तीन अक्षरं आणि चार आकडे असत. महाराष्ट्रातल्या गाडीचं पहिलं अक्षर सहसा ‘एम’ असे, जिल्हा मात्र पुढच्या अक्षरांत दडलेला. तो जाणकारांनाच ओळखता येई.

नव्या क्रमांकांत एक प्रवासच आहे. ताडदेव ०१, अंधेरी ०२, वडाळा ०३, ठाणे ०४, कल्याण ०५. मग आकडे कोकणात उतरतात: रायगड ०६, सिंधुदुर्ग ०७, रत्नागिरी ०८ (हो, सिंधुदुर्ग आधी). तिथून घाट चढून कोल्हापूर ०९, सांगली १०, सातारा ११ आणि पुणे १२. जिल्हे पुढे फुटत गेले तसे नवे आकडे शेपटाला जोडले गेले, म्हणून नंदुरबार धुळ्याच्या १८ शेजारी न बसता थेट ३९ वर आहे. राज्यांची नावं बदलली की अक्षरंही बदलतात. ओरिसाचं ओडिशा झाल्यावर ‘ओआर’चं ‘ओडी’ झालं. तेलंगणाने तर नाव न बदलताही २०२४ मध्ये ‘टीएस’ सोडून ‘टीजी’ घेतलं.

रंगांची गंमत वेगळी. पूर्वी खासगी गाडीला काळी पाटी आणि पांढरी अक्षरं असत, टॅक्सी-ट्रकला पांढऱ्यावर काळी. या शतकाच्या सुरुवातीला हे फिरलं: खासगीला पांढरी पाटी, भाड्याच्या वाहनाला पिवळी. काळ्यावर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने मिळणारी गाडी, हिरवी पाटी म्हणजे विजेवर चालणारी. लष्कराच्या पाटीवरचा वर टोक केलेला बाण मात्र ब्रिटिश काळापासून चालत आलेला आहे.

नियमाने पाटीवर इंग्रजी अक्षरं आणि आकडेच चालतात. त्यातून आपल्याकडे एक लोककलाच जन्माला आली. ४१४१ इंग्रजीत थोडं वळवून लिहिलं की ‘दादा’, ४९१२ चं ‘पवार’, आणि ८०५५ चं ‘बॉस’. पोलिसांनी दंड केला तरी हौस फिटत नाही. असे आकडे मिळवायला लोक आरटीओत जादा पैसे मोजतात, मग ते वाचता येऊ नयेत अशी पाटी रंगवून घेतात. हा तर्क मला अजून उलगडलेला नाही.

या कलेला खरा धोका आहे तो हाय सिक्युरिटी पाटीचा. ॲल्युमिनियमची पाटी, कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम, लेझरने कोरलेला क्रमांक, आणि एकदा बसवलं की तोडल्याशिवाय न निघणारं लॉक. नियम २००१ चा, पण टेंडरं आणि कोर्टकचेऱ्यांत वर्षं गेली. १ एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या गाडीला ती लागूनच येते. त्याआधीच्या गाड्यांसाठी महाराष्ट्राने दुचाकीला ४५० आणि मोटारीला ७४५ रुपये, वर जीएसटी, असे दर ठरवले. ३१ मार्च २०२५ ची मुदत नंतर एकदा नव्हे, अनेकदा पुढे ढकलावी लागली.

आणि आता ‘बीएच’, म्हणजे भारत मालिका. सप्टेंबर २०२१ पासून लष्करातले, सरकारी नोकरीतले आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांमधले लोक ती घेऊ शकतात. बदली झाली की पुन्हा नोंदणीचा व्याप नाही, रस्ता करही दोन-दोन वर्षांचा भरता येतो. पाटीची सुरुवात नोंदणीच्या वर्षाने होते, उदाहरणार्थ २२ बीएच. गाडी कधीची ते त्यावरून कळतं, कुठली ते नाही. पुढच्या गाडीचं गाव ओळखायचं असेल तर मागच्या काचेवरचं देवाचं नाव वाचावं लागतं.