डिसिप्लिन वेगळं, टॉप कोड वेगळा: कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात कुठला कोर्स कोण शिकवू शकतं

माझी एक मैत्रीण आहे, पुण्यात स्टॅटिस्टिक्समध्ये बीएस्सी, त्यातच एमएस्सी, सेट पास, तिकडे बारा वर्षं शिकवलेलं. इकडे बे एरियात आल्यावर वर्क परमिट हातात पडलं आणि तिने जवळच्या एका कम्युनिटी कॉलेजात (बारावीनंतरचं, मुख्यतः दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) स्टॅटिस्टिक्स शिकवायला पार्ट टाइमसाठी अर्ज केला. डिग्र्यांचं इव्हॅल्युएशन पण करून घेतलेलं, मास्टर्सच्या बरोबरीचं असं लेखी आलेलं. तरी उत्तर आलं की तुम्ही मिनिमम क्वालिफिकेशन पूर्ण करत नाही. स्टॅटिस्टिक्सची एमएस्सी आणि स्टॅटिस्टिक्स शिकवायला अपात्र! ती मला फोनवर म्हणाली, अगं मी राज्याच्या यादीत तो कोर्स शोधला, त्याच्यापुढे १७०१.०० लिहिलंय, म्हणजे मॅथेमॅटिक्स, मग मी गणितवालीच झाले ना?

इथेच गोची आहे. तिने बघितला तो टॉप कोड, म्हणजे कोर्स मोजण्यासाठी राज्याने दिलेला आकडा, आणि तिचा अर्ज तपासला गेला डिसिप्लिनवर, म्हणजे शिकवणाऱ्याची पात्रता ज्यावरून ठरते त्या विषयावर. दोन्हीला नावं बऱ्याचदा सारखीच असतात, मॅथेमॅटिक्स, सायकॉलॉजी, अकाउंटिंग, म्हणून माणसाला वाटतं एकच गोष्ट आहे. मी काही वर्षं पार्ट टाइम शिकवतेय आणि कोर्स तपासून मंजूर करणाऱ्या करिक्युलम कमिटीवरही बसलेय, आणि तुम्हाला सांगते, कॉलेजात वर्षानुवर्षं काम केलेली माणसं पण यात गडबडतात, त्यामुळे बाहेरच्याचं चुकलं तर नवल नाही.

आधी डिसिप्लिन. कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत, ७३ डिस्ट्रिक्टमध्ये (एक किंवा जास्त कॉलेजं चालवणारी संस्था) वाटलेली. पूर्वी तिथे शिकवायला राज्याचं क्रेडेन्शियल लागायचं, म्हणजे लायसन्ससारखा कागद. १९८८ साली एबी १७२५ नावाचा कायदा झाला आणि ती पद्धत गेली, तिच्या जागी मिनिमम क्वालिफिकेशन आलं. (ज्यांच्याकडे जुनं आजीवन क्रेडेन्शियल आहे त्यांचं ते अजून चालतं.) आता राज्याची एक डिसिप्लिन लिस्ट आहे. त्यात प्रत्येक विषयापुढे लिहिलंय की हा विषय शिकवायला कमीत कमी काय शिक्षण पाहिजे. यादीत बदल सुचवायचं काम राज्यभरातल्या प्राध्यापकांच्या अकॅडेमिक सेनेटचं, मंजुरी बोर्ड ऑफ गव्हर्नर्सची, म्हणजे या सगळ्या कॉलेजांच्या राज्य मंडळाची. पार्ट टाइम असा नाहीतर फुल टाइम, किमान पात्रता सगळ्यांना एकच, हे पण बऱ्याच जणांना माहीत नसतं.

यादीचे ढोबळ दोन भाग. एकात मास्टर्स लागतं, म्हणजे त्या विषयात मास्टर्स, किंवा त्या विषयात बॅचलर्स आणि यादीत दिलेल्या जवळच्या विषयात मास्टर्स. दुसरा भाग अशा विषयांचा जिथे मास्टर्सची सहसा अपेक्षाच नसते, ऑटो मेकॅनिक, वेल्डिंग, स्वयंपाक वगैरे, तिथे बॅचलर्स आणि दोन वर्षांचा त्या कामाचा अनुभव, किंवा असोसिएट डिग्री (दोन वर्षांची पदवी) आणि सहा वर्षांचा अनुभव. हाताच्या कारागिरीला राज्याने अशी कायद्यात जागा करून दिली हे मला फार मोलाचं वाटतं, आपल्याकडे तीस वर्षं काम केलेल्या मिस्त्रीला वर्गात उभं राहायला अशी सरळ वाट मिळणं कठीण.

आता मैत्रिणीचं. ही यादी ज्यात छापलेली असते त्या, मी वापरलेल्या हँडबुकात मॅथेमॅटिक्सपुढे असं आहे: मॅथेमॅटिक्स किंवा अप्लाइड मॅथेमॅटिक्समध्ये मास्टर्स, किंवा त्यातलं बॅचलर्स आणि वर स्टॅटिस्टिक्स, फिजिक्स किंवा मॅथ एज्युकेशनमध्ये मास्टर्स, किंवा इक्विव्हॅलंट, म्हणजे त्या तोडीचं शिक्षण. तिचं बॅचलर्स पण स्टॅटिस्टिक्सचं. म्हणजे बीएस्सी गणितात असती आणि एमएस्सी हीच असती तर थेट पात्र, पण दोन्ही स्टॅटिस्टिक्स म्हणून सरळ वाटेने अपात्र. वाचायला विचित्र वाटतं पण नियम डिग्रीच्या नावावर चालतो, तुम्हाला विषय किती येतो यावर तिथे चर्चा नसते, ती चर्चा इक्विव्हॅलन्सीत होते, त्याकडे येतेच.

आता टॉप कोड. टॉप म्हणजे टॅक्सॉनॉमी ऑफ प्रोग्रॅम्स. राज्यातल्या प्रत्येक कोर्सला आणि प्रोग्रॅमला एक सहा आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे मोठा विभाग, मग उपविभाग. १५०१ इंग्लिश, १७०१ गणित, २००१ सायकॉलॉजी, ०५०२ अकाउंटिंग, ०७०६ कॉम्प्युटर सायन्स. कोर्सची माहिती चॅन्सलर ऑफिसच्या (या कॉलेजांचं राज्य पातळीवरचं कार्यालय) डेटात जाते तेव्हा हा कोड त्याच्यासोबत जातो, कोर्स व्यवसायाशी किती जोडलेला आहे ते सांगणारं ए ते ई असं अक्षर जातं, क्रेडिटचा की नॉनक्रेडिटचा, युनिव्हर्सिटीत ट्रान्सफर होतो का, असं सगळं जातं. यावर राज्य मोजतं की कुठल्या क्षेत्रात किती विद्यार्थी शिकले, आणि पर्किन्स किंवा स्ट्राँग वर्कफोर्ससारखे व्यवसाय शिक्षणाचे पैसे ठरवताना पण हे कोड बघितले जातात. त्यामुळे डीन आणि रिसर्च ऑफिसवाले टॉप कोडकडे डोळ्यात तेल घालून बघतात. पण कोर्स शिकवायला कोण उभं राहणार, या प्रश्नाचं उत्तर टॉप कोडात कुठेच नाही.

हा फरक सगळ्यात चांगला दिसतो तो खाण्याच्या कोर्समध्ये. टॉपमध्ये १३०६ हा एकच उपविभाग आहे, न्यूट्रिशन, फूड्स अँड क्युलिनरी आर्ट्स, पोषणशास्त्र आणि स्वयंपाक शेजारीशेजारी. डिसिप्लिन लिस्टमध्ये मात्र हे दोन अगदी वेगळ्या घरात. न्यूट्रिशनल सायन्स/डाएटेटिक्स मास्टर्सच्या यादीत, क्युलिनरी आर्ट्स/फूड टेक्नॉलॉजी अनुभवाच्या यादीत. समजा एखाद्याने दादरला वीस वर्षं हॉटेलचं किचन सांभाळलंय आणि कुठल्याही विषयात बॅचलर्स आहे, तो क्युलिनरीचा कोर्स शिकवायला पात्र ठरू शकतो, पण त्याच उपविभागातला 'न्यूट्रिशनची ओळख' हा कोर्स त्याला शिकवता येणार नाही, कारण त्या कोर्सला डिसिप्लिन दुसरं लावलेलं असतं. उलट डाएटेटिक्सची मास्टर्स झालेली, कधी मोठ्या किचनमध्ये काम न केलेली बाई क्युलिनरीच्या वर्गाला पात्र नाही. कोडाचे पहिले चार आकडे दोघांचे सारखेच.

आणि याच्या उलट पण होतं, कोर्स साधारण तोच पण डिसिप्लिन वेगवेगळं. स्टॅटिस्टिक्सची ओळख हा कोर्स गणित विभाग शिकवतो, सायकॉलॉजीवाले आपला शिकवतात, सोशिऑलॉजीवाले आपला. मीन, व्हेरियन्स, हायपोथेसिस टेस्टिंग सगळीकडे तेच. पण गणिताच्या कोर्सला गणिताची पात्रता लागते आणि सायकॉलॉजीला लावलेला असेल तर सायकॉलॉजीची. माझी मैत्रीण तीनही ठिकाणी बाहेर! आता एबी ११११ या कायद्यामुळे राज्यभर कोर्सचे नंबर सारखे होतायत, २०२५ च्या फॉलपासून स्टॅटिस्टिक्सची ओळख स्टॅट सी १००० या नावाने यायला लागली, त्यामुळे लोकांना वाटेल की आता स्टॅट म्हणजे स्टॅटिस्टिक्सवाल्यांचं. तसं नाही, नंबर राज्याने दिला तरी डिसिप्लिन कॉलेजच लावतं.

कोर्सच्या नावाआधीची अक्षरं ही तिसरीच गोष्ट. एकाच डिस्ट्रिक्टमधली दोन कॉलेजं, फूटहिल आणि डी अँझा, एकात प्रोग्रॅमिंगचे कोर्स सीएस नावाने चालत आलेत, दुसऱ्यात सीआयएस नावाने. पण राज्याच्या लिस्टमध्ये कॉम्प्युटर सायन्स आणि कॉम्प्युटर इन्फर्मेशन सिस्टिम्स ही दोन वेगळी डिसिप्लिनं आहेत, पहिल्याला मास्टर्स लागतं, दुसरं अनुभवाच्या यादीत. तेव्हा कॅटलॉगमध्ये सीआयएस बघून, चला आपल्याला मास्टर्स नको, असं धरून बसू नका, तो सी प्लस प्लसचा कोर्स कॉम्प्युटर सायन्सला लावलेला असू शकतो. आणि इथे आपल्या लोकांसाठी एक चांगली बातमी पण आहे. कॉम्प्युटर सायन्सच्या नोंदीत इंजिनिअरिंगमध्ये बॅचलर्स आणि बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये मास्टर्स हा जोड चालतो असं लिहिलंय. बीई करून एमबीए केलेले आपल्यात किती आहेत! त्यातल्या बहुतेकांना माहीतच नसतं की कागदावर आपण बसतो. नोकरी लगेच मिळते असं नाही, मिनिमम म्हणजे मिनिमम, त्यावर कॉलेज आणखी काय बघायचं ते बघतंच.

त्याच नोंदीखाली एक छोटी टीप आहे जी मला कमिटीत सगळ्यात जास्त उपयोगी पडली. एखाद्या विषयासाठी कॉम्प्युटर प्रोग्रॅम वापरायला शिकवणारा कोर्स असेल तर तो त्या विषयाच्या डिसिप्लिनखाली ठेवता येतो. म्हणजे अकाउंटिंगसाठीचं सॉफ्टवेअर शिकवणारा कोर्स अकाउंटिंगखाली ठेवता येतो. आमच्याकडे एकदा असाच कोर्स आला, आणि शेड्यूल करणाऱ्यांनी त्याचा टॉप कोड बघून ठरवून टाकलं की हा कॉम्प्युटरवाल्यांचा, जी बाई तो कोर्स इतकी वर्षं शिकवत होती तिला सांगितलं की पुढच्या सेमिस्टरला तुम्ही नाही. ती अकाउंटिंगची, आणि कोर्स आउटलाइनमध्ये डिसिप्लिन स्पष्ट लिहिलेलं, अकाउंटिंग. टॉप कोड तेवढा डेटा साफ करताना बदलला होता. ते दुरुस्त व्हायला दोन महिने गेले आणि तोवर तिचा एक वर्ग दुसऱ्याला देऊन झाला होता. पार्ट टाइमवाल्याचा एक वर्ग जाणं म्हणजे पगाराचा मोठा तुकडा जाणं, त्यामुळे मला हा विषय कागदी वाटत नाही.

डिसिप्लिन लावतं कोण, तर त्या कॉलेजचे प्राध्यापक, करिक्युलम कमिटी आणि लोकल सेनेटमार्फत, आणि ते कोर्सच्या अधिकृत आउटलाइनमध्ये नोंदवलेलं असतं. एका कोर्सला एकच डिसिप्लिन लावता येतं, किंवा दोन-तीन लावून 'यातलं कुठलंही चालेल' असं करता येतं. मग स्टॅटिस्टिक्सचा एखादा कोर्स गणित किंवा सायकॉलॉजी असा लावला तर दोन्हीकडचे शिकवू शकतात. खरंच दोन विषयांची सरमिसळ असलेल्या कोर्सला इंटरडिसिप्लिनरी स्टडीज लावतात, तिथे एका विषयातलं मास्टर्स आणि दुसऱ्यातलं वरच्या पातळीचं थोडं शिक्षण चालतं.

एका ठिकाणी मात्र कोर्सचं वर्गीकरण पात्रतेला खरंच हात लावतं, आणि ते म्हणजे क्रेडिट (डिग्रीसाठी मोजला जाणारा) की नॉनक्रेडिट (न मोजला जाणारा). ईएसएलचं बघा, नवीन आलेल्या लोकांना इंग्रजी शिकवायचे वर्ग. क्रेडिटचा असेल तर मास्टर्स लागतं. नॉनक्रेडिट असेल तर पात्रता वेगळ्या कलमात आहे, तिथे बॅचलर्स आणि इंग्रजी शिकवण्याचं सर्टिफिकेट अशा वाटा आहेत. आपल्याकडे इंग्रजीत बीए करून शाळेत शिकवलेल्या कितीतरी जणी इथे घरी बसल्यात, त्यांनी हा दरवाजा नक्की ठोठावून बघावा. आणि याहून वेगळे ते कम्युनिटी एज्युकेशनचे फी घेऊन चालणारे वर्ग, शनिवारी योगा, रांगोळी, इंडियन कुकिंग. तिथे ही किमान पात्रता लागूच होत नाही, पण तिथे शिकवलंत म्हणून तुम्ही फॅकल्टी होत नाही.

फॅकल्टी सर्व्हिस एरिया नावाचं एक प्रकरण पण कानावर येईल. ते कामावरून कमी करायची वेळ आली तर कोण कुठल्या विषयात सामावला जाईल यासाठी डिस्ट्रिक्ट आणि युनियन मिळून ठरवतात. नवीन अर्ज करणाऱ्याने सध्या बाजूला ठेवावं.

आता इक्विव्हॅलन्सी. यादीतली डिग्री नाही पण त्या तोडीचं शिक्षण आहे असं वाटत असेल तर कायद्याने डिस्ट्रिक्टला तसं मान्य करता येतं, पद्धत सेनेट आणि बोर्ड मिळून ठरवतात. आपण मागायची असते, आपोआप कोणी बघत नाही. आणि मिळते ती अख्ख्या डिसिप्लिनची, एका कोर्सपुरती देता येत नाही. मैत्रिणीला हेच अडचणीचं होतं, कारण तिला शिकवायचं होतं स्टॅटिस्टिक्स पण सिद्ध करायचं होतं गणित, कॅल्क्युलससकट. नेट-सेटला इथे काही स्थान नाही, बारा वर्षांचा अनुभव पण त्या खणात बसत नव्हता. मग तिने पुण्याहून बीएस्सी आणि एमएस्सीच्या सगळ्या पेपरांचे सिलॅबस मागवले, रिअल अ‍ॅनालिसिस, लिनिअर अल्जेब्रा, मेझर थिअरी, प्रोबॅबिलिटी, एकेक पेपर इथल्या गणिताच्या मास्टर्सच्या कोर्ससमोर मांडून तक्ता केला, चार पानं झाली. पहिल्या अर्जात तिने नुसत्या डिग्रीच्या प्रती जोडल्या होत्या, इक्विव्हॅलन्सीची चौकट रिकामी सोडलेली.

दुसऱ्यांदा तिने दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये अर्ज केला, चौकट भरून, तक्ता जोडून. कमिटीने मान्य केलं. आता मंगळवार-गुरुवार संध्याकाळी ती स्टॅटिस्टिक्स शिकवते. पहिल्या डिस्ट्रिक्टला ही मान्यता चालत नाही, तिथे शिकवायचं असेल तर तीच चार पानं पुन्हा त्यांच्या कमिटीसमोर ठेवावी लागतील, आणि ती ठेवणार आहे.